‘आत्ता तर चालू आहे!’

टेलिफोन खात्यात मी ३४ वर्षं काढली. त्यातली निम्मीअधिक तक्रारींच्या टेबलावर गेली. लोक १९८ क्रमांक फिरवून तक्रार नोंदवायचे, ती चिठ्ठीवर उतरायची आणि चिठ्ठी खिशात घालून लाइनमन सायकलवर निघायचा. या तक्रारींच्या आमच्या लेखी दोन जाती होत्या. पहिली, फोन मेला. तिचं आम्हाला काही वाटत नसे. तार कुठंतरी तुटलेली असते, ती तुटलेलीच राहते. आपण जाऊन पोचेपर्यंत जागची हलत नाही. दुसरी जात नाठाळ. फोन ‘मधूनच’ जातो. लाइनमन तीन जिने चढून जायचा, रिसीव्हर कानाला लावायचा, तर टोन खणखणीत. मग तो म्हणायचा, ‘आत्ता तर चालू आहे!’ आणि चिठ्ठी निकालात. दारात उभ्या असलेल्या गृहस्थांचा चेहरा असा व्हायचा, की जणू त्यांनी खोटी साक्ष दिली आहे.

हे वाक्य मी स्वतःही शेकडो वेळा ऐकवलं आहे. निवृत्तीनंतर ते घरात बायकोला ऐकवलं आणि चांगलाच तोंडघशी पडलो. त्याचीच ही हकीकत. तिच्या निमित्तानं घरातलं ई-मेल अधूनमधून का अडतं आणि अशा लपंडाव खेळणाऱ्या बिघाडाचा माग कसा काढायचा, तेही सांगतो.

माझी पत्नी मराठीची शिक्षिका होती. निवृत्त झाल्यापासून ती मुद्रितशोधनाची कामं घेते. पूर्वी प्रुफं कागदावर यायची, प्रकाशकाकडचा मुलगा पिशवीतून आणून द्यायचा. आता फाइली मेलनं येतात आणि खुणा करून मेलनंच परत जातात. तिचं टेबल मागच्या खोलीत, खिडकीशी. एका गुरुवारी दुपारी तिनं एका पुस्तकाची शेवटची प्रुफं वाचून संपवली, ‘पाठवा’ची कळ दाबली आणि स्वयंपाकघरात गेली. पुस्तक शुक्रवारी सकाळी छपाईला जायचं होतं. शुक्रवारी सकाळीच प्रकाशकांचा फोन आला. फाइल गुरुवारी रात्रीपर्यंत मिळाली नाही म्हणून त्यांनी दुसऱ्या कुणाकडून पानं वाचून घेतली होती. माणूस सभ्य. म्हणाले, ‘काकू, जमत नसेल तर उगाच ताण घेऊ नका.’

ती फोन ठेवून लॅपटॉपशी गेली, तर मेल नुकताच, सकाळी आठच्या सुमाराला, आपला आपण गेलेला. मीही बघितलं. म्हटलं, ‘आत्ता तर चालू आहे! काल तूच काहीतरी भलतं दाबलं असशील.’

हे महिन्याभरात तिसऱ्यांदा झालं होतं. ती काही बोलली नाही. संध्याकाळी म्हणाली, ‘हे काम आता सोडून द्यावं म्हणते. यंत्राचं मला जमत नाही.’ चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधणारी बाई स्वतःची नसलेली चूक पदरात घ्यायला निघाली होती, आणि तिला ती द्यायला मीच पुढे होतो.

आता मेल ‘पाठवा’ म्हटल्यावर काय होतं ते बघू, कारण घोटाळ्याचं मूळ इथंच आहे. आपण कळ दाबली की पत्राची चौकट मिटते. आपल्याला वाटतं, गेलं. खरं म्हणजे ते लॅपटॉपमधल्याच ‘आउटबॉक्स’ नावाच्या खणात पडलेलं असतं. तिथून ते वायफायनं घरातल्या राउटरकडे जातं, राउटरकडून इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीकडे आणि तिथून आपल्या मेल सेवेच्या सर्व्हरकडे. त्या सर्व्हरनं ‘मिळालं’ असं कळवलं, की मगच ते आउटबॉक्समधून निघून ‘सेंट’मध्ये जातं. पुढचा प्रवास सर्व्हर ते सर्व्हर. तो टप्पा भरवशाचा आहे. मेल पाठवण्याचे हे नियम, ज्यांना एसएमटीपी म्हणतात, ते जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली लिहून काढले. आज रूढ असलेल्या त्यांच्या सुधारित आवृत्तीत असं सांगितलं आहे, की पलीकडचा सर्व्हर बंद असेल तर पत्र लगेच टाकून देऊ नये, थांबून थांबून किमान चार-पाच दिवस प्रयत्न करत राहावं. मात्र हा चिवटपणा सर्व्हरपासून पुढचा. पत्र आउटबॉक्समध्ये आहे म्हणजे ते अजून घराबाहेरच पडलेलं नाही. टपालपेटीत टाकलेलं पत्र आणि कपड्यांच्या कपाटावर राहून गेलेलं पत्र, एवढा हा फरक आहे.

म्हणून पहिली सवय ही लावून घ्यावी: महत्त्वाचं काही पाठवलं की ‘सेंट’मध्ये जाऊन बघायचं. तिथं नसेल तर आउटबॉक्स उघडायचा.

अडलेलं ई-मेल फसवंही असतं. वेबपान उघडलं नाही तर तोंडावर सांगतं. मेलच्या प्रोग्रॅममध्ये कालपर्यंतची सगळी पत्रं व्यवस्थित दिसत असतात, त्यामुळे जोडणी तुटलेली आहे हे लक्षातच येत नाही. आज कुणाचं पत्र नाही, एवढंच वाटतं. भरीला मोबाइल. माझी पत्नी दर वेळी सांगायची, ‘अहो, इंटरनेट चालू आहे. व्हॉट्सअॅप येतंय की! फक्त मेलच जात नाही.’ यावर विश्वास ठेवून मी तीन आठवडे मेलच्या सेटिंगमध्ये डोकं घातलं. आता कळतं, की तिचा मोबाइल वायफायवरून इंटरनेट मिळत नाही असं दिसलं की गुपचूप सिमकार्डाच्या डेटावर जात होता. वायफायची खूण तशीच राहते. तिच्या कोपऱ्यात एक बारीक उद्गारचिन्ह येतं, ते चष्म्याशिवाय दिसत नाही. घरातलं इंटरनेट तपासताना मोबाइलचा डेटा आधी बंद करावा. नाहीतर तो तुम्हाला दुसऱ्याच रस्त्याची खबर देत राहतो.

त्या तीन आठवड्यांत मी काय काय केलं, ते सांगायला संकोच वाटतो, पण सांगतो. मेल प्रोग्रॅमनं एकदा पासवर्ड विचारला. मला वाटलं पासवर्ड चुकला, म्हणून तो बदलला. त्याबरोबर मोबाइल आणि टॅब्लेटवरचे मेल बंद पडले, कारण त्यांच्याकडे जुना होता. वास्तविक जोडणी अर्धवट तुटली तरी काही प्रोग्रॅम पासवर्ड विचारतात. दोष पासवर्डाचा असतोच असं नाही. मग अँटिव्हायरस काढला, पुन्हा बसवला. सेटिंगमधले दोन आकडे बदलले. दर वेळी रात्री उशिरा खटपट संपायची आणि सकाळी मेल सुरू! मी खूश. मीच दुरुस्त केलं, असं मला वाटायचं.

येत्या-जात्या बिघाडाचा हा सगळ्यात मोठा तोटा. तो आपला आपण बरा होतो आणि श्रेय शेवटच्या औषधाला मिळतं. पाच गोष्टी एकदम बदलल्या तर कशानं काय झालं हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. खात्यात आम्ही नव्या मुलांना बजावायचो, एका वेळी एकच तार हलवा. घरी मी ते विसरलो.

शेवटी जे करायला हवं होतं ते पत्नीनंच केलं. दुधाच्या हिशेबाची जुनी वही होती, तिची उरलेली पानं तिनं घेतली. वार, वेळ, काय केलं, पडद्यावर काय आलं, असे रकाने आखले. पडद्यावरचा संदेश ती अक्षर न् अक्षर उतरवून घ्यायची. मुद्रितशोधकाला ‘काहीतरी इंग्रजीत आलं होतं’ असं लिहिणं जमत नाही. आणखी एक रकाना तिनं आपण होऊन घातला: ‘घरात तेव्हा काय चाललं होतं’. त्यात पाहुणे, मिक्सर, पाऊस, वीज, सगळं.

मीही खात्यातली जुनी रीत काढली. फोनची तक्रार आली, की आम्ही एक्स्चेंजमध्ये ती लाइन मधोमध सोडवून बघायचो: दोष आतल्या बाजूला की बाहेरच्या? बाहेर असेल तर पुन्हा निम्मं अंतर, पुन्हा निम्मं. घरच्या इंटरनेटलाही हेच लागू आहे. विंडोजच्या शोधाच्या चौकटीत सी-एम-डी ही तीन अक्षरं टाईप केली की एक काळी खिडकी उघडते. तिच्यात ‘पिंग’ असं लिहून पुढं एखादा पत्ता दिला, की लॅपटॉप त्या पत्त्याला हाक मारतो आणि ओ आली की नाही ते सांगतो. पहिली हाक घरच्या राउटरला. त्याचा पत्ता पुष्कळ घरांत १९२.१६८.१.१ असा असतो. दुसरी बाहेरच्या एखाद्या आकडी पत्त्याला, उदाहरणार्थ ८.८.८.८. तिसरी आपल्या मेल सेवेच्या सर्व्हरला, नावानं. रेडिओवर आकडे सांगू नयेत म्हणतात, पण हे एवढे दोन लिहून ठेवाच.

पहिल्या हाकेला ओ आली नाही, तर दोष लॅपटॉप आणि राउटर यांच्यामध्ये, म्हणजे वायफायमध्ये किंवा केबलमध्ये. पहिली आली आणि दुसरी आली नाही, तर राउटरच्या पलीकडे. पहिल्या दोन आल्या, पण तिसरीला ‘असं कुणी सापडत नाही’ असं उत्तर आलं, तर रस्ता ठीक आहे, नावावरून पत्ता शोधून देणारी यंत्रणा, म्हणजे डीएनएस, अडली आहे. नाव सापडलं आणि पुढं नुसतीच शांतता, तर मात्र घाबरू नये. पुष्कळ मेल सर्व्हर अशा हाकेला मुद्दामच ओ देत नाहीत. आणि तीनही हाका सुरळीत असतील तरच मेलच्या सेटिंगला हात लावायचा. मी नेमकं उलट्या टोकानं सुरू केलं होतं.

पुढच्या वेळी मेल अडला तेव्हा मी या हाका मारल्या. राउटर बोलला. बाहेरचं कुणी बोललं नाही. मी छाती फुगवून जाहीर केलं, ‘दोष कंपनीचा आहे’, आणि त्यांच्याकडे तक्रार नोंदवायला फोन उचलला. तेवढ्यात दिवाणखान्यातून हसण्याचे आवाज आले. नातू टीव्हीवर यूट्यूब बघत होता. तेही त्याच कंपनीच्या इंटरनेटवर. फोन खाली ठेवला. एकाच घरात एकाच वेळी एका यंत्राला इंटरनेट मिळतं आणि दुसऱ्याला मिळत नाही, तर बाहेरच्यांना दोष देण्यात अर्थ नाही. चोर घरात होता.

पाच आठवड्यांत वहीत सहा नोंदी झाल्या. एका संध्याकाळी पत्नी वही घेऊन आली. ‘अहो, सहापैकी चार गुरुवार आहेत.’

मी म्हटलं, ‘गुरुवारी इंटरनेटचा उपास असतो वाटतं!’

‘उपास नसतो, वीज नसते.’

तिच्या शेवटच्या रकान्यात ते लिहिलेलं होतं. आमच्या भागात विजेच्या देखभालीची कामं बहुधा गुरुवारी निघतात. सकाळी वीज जाते, दुपारपर्यंत येते. राहिलेल्या दोन नोंदी सोमवारच्या आणि शनिवारच्या. त्या दोन्ही दिवशी वादळी पावसात वीज गेली होती. सहाही वेळा वीज येऊन गेल्यानंतर मेल अडलेला, आणि सहाही वेळा दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू.

पुढच्या गुरुवारी वीज आल्याबरोबर मी मागच्या खोलीत जाऊन बसलो. काळ्या खिडकीत ‘आयपीकॉन्फिग’ असं लिहिलं. हा शब्द लॅपटॉपला त्याचा स्वतःचा पत्ता विचारतो, आणि घराबाहेर जायचं दार कोणतं, तेही. दाराला तिथं ‘डिफॉल्ट गेटवे’ म्हणतात. आदल्या दिवशी सगळं नीट चालू असताना हेच उत्तर मी पत्नीकडून वहीत उतरवून घेतलं होतं. ही गोष्ट फार कामाची आहे. आजारी दिवसाची नाडी बघायची तर बऱ्या दिवसाची माहीत हवी. मी दोन्ही उत्तरं वाचली. सारखीच वाटली. पत्नीनं माझ्या खांद्यावरून एकदा वही बघितली, एकदा पडदा, आणि म्हणाली, ‘शेवटी एकाच्या जागी दोन आहे.’

होतंच. कालचं दार १९२.१६८.१.१, आजचं १९२.१६८.१.२. आणि तो दुसरा पत्ता बघताच माझ्या पोटात गोळा आला, कारण तो मीच दिलेला होता.

झालं होतं ते असं. फायबरची जोडणी घेतली तेव्हा कंपनीनं नवा राउटर दिला, तो दिवाणखान्यात बसला. मागच्या खोलीत वायफाय क्षीण यायचं. माझ्याकडे जुना राउटर पडून होता. टाकून कशाला द्यायचा? भिंतीच्या कडेनं केबल नेऊन मी तो मागच्या खोलीत जोडला, त्याच्या वायफायला नव्या राउटरचंच नाव आणि तोच पासवर्ड दिला. दोघांचा पत्ता एक होऊ नये म्हणून जुन्याला १.२ हा पत्ताही दिला. बायकोची सोय केली म्हणून मिरवलोही. एक गोष्ट मात्र राहिली.

घरातल्या प्रत्येक यंत्राला एक आकडी पत्ता लागतो. तो वाटण्याचं काम राउटर करतो. या वाटपाच्या पद्धतीला डीएचसीपी म्हणतात. १९९३ साली तिचे नियम प्रसिद्ध झाले. नवं यंत्र आलं, की ते सगळ्यांना उद्देशून ओरडतं, ‘मला कुणी पत्ता देता का?’ राउटर पत्ता देतो आणि वर सांगतो, बाहेर जायचं असेल तर माझ्याकडून जायचं. घरात असं वाटप करणारा एकच असायला हवा. आमच्याकडे दोन झाले होते. जुन्या राउटरचं वाटप बंद करायला मी विसरलो होतो. म्हणजे सोसायटीला दोन रखवालदार. दोघंही येणाऱ्याला खोली देतात आणि बाहेरचं फाटक दाखवतात. त्यातल्या एकाचं फाटक भिंतीत उघडतं. जुन्या राउटरकडे इंटरनेटची जोडणीच नव्हती. त्याच्याकडून पत्ता घेणाऱ्याला वायफाय भरपूर, शेजारचा नवा राउटरही हाकेला ओ देतो, पण बाहेर जाता येत नाही.

मग रोज का अडत नव्हतं? कारण ज्याच्याकडून पत्ता एकदा मिळाला, त्याच्याकडेच लॅपटॉप पुन्हा जातो, आणि एरवी तो नव्या राउटरचा ग्राहक होता. वीज जाऊन आली, की दोघेही एकदम जागे व्हायचे. जुना हलका, मिनिटाभरात उभा राहायचा. नव्याला फायबरची जोडणी जुळवून घ्यायला तीन-चार मिनिटं लागायची. या मधल्या वेळात बॅटरीवर जागा असलेला लॅपटॉप ओरडायचा आणि एकटा जुना राउटर तत्परतेनं पत्ता द्यायचा. मग संध्याकाळपर्यंत मेल बंद. टीव्ही नंतर सावकाश लागायचा, त्याला नवा राउटर भेटायचा.

आणि सकाळी आपोआप सुरू कसं व्हायचं? याचं उत्तर ऐकून हसाल. झोपायच्या आधी खोल्याखोल्यांतून फिरून सगळी बटणं बंद करायची पत्नीची सवय आहे. मागच्या खोलीचं बटण बंद झालं, की जुना राउटरही झोपायचा आणि त्याची वाटपाची यादी पुसली जायची. सकाळी बटण लावून ती लगेच लॅपटॉप उघडायची, तेव्हा जुना डोळे चोळत असायचा आणि दिवाणखान्यातला नवा जागाच असायचा. माझं रात्रीचं पासवर्ड बदलणं, अँटिव्हायरस उचकटणं, या कशाचाही त्यात वाटा नव्हता. रोज रात्री बिघाड दुरुस्त करत होती ती तिची काटकसर.

दुरुस्तीला दोन मिनिटं लागली. पण त्याआधी मी मुद्दाम घराचा मेन स्विच पाडला, पुन्हा लावला आणि बिघाड परत आणून बघितला. जो बिघाड आपल्याला हवा तेव्हा आणता येतो, तोच खरा सापडलेला असतो. मग ब्राउझरमध्ये जुन्या राउटरचा पत्ता टाकून त्याच्या पानावर गेलो, डीएचसीपी बंद केलं आणि स्विच तीनदा पाडून बघितला. तिन्ही वेळा मेल गेला. अलीकडच्या पुष्कळ राउटरवर यासाठी ‘अॅक्सेस पॉइंट’ अशी एकच सोय असते. ती निवडली की वाटप आपोआप बंद होतं. जुना राउटर दुसऱ्या खोलीत लावणाऱ्यांनी हे एकदा तपासावंच. आमच्या ओळखीत मी विचारलं, तर दोन घरांत माझ्यासारखेच शहाणे निघाले.

तुमच्या घरचं कारण हेच असेल असं नाही. वहीतलं वळण वेगळं असेल तर कारणही वेगळं. माझ्या मेहुणीकडे मेल रोज दुपारी एकच्या आसपास अडखळायचा. ती जेवण गरम करण्याची वेळ. मायक्रोवेव्ह भट्टी २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालते, आणि वायफायचा जुना पट्टा नेमका २.४ गिगाहर्ट्झचा. भट्टीतून थोडी ऊर्जा बाहेर झिरपते, ती शेजारच्या वायफायला पुरते. तिच्या घरी राउटर आणि टेबल यांच्या मधोमध स्वयंपाकघर. लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर नेला आणि प्रश्न सुटला. हा पट्टा भिंतींपुढे मात्र लवकर दमतो, आणि वाटेत लोखंडी कपाट असेल तर दोन्ही पट्ट्यांनी हात टेकले समजा.

छोटी पत्रं जातात, मोठी फाइल जोडली की अडतं, अशी नोंद असेल तर दोन शक्यता. मेलमधून जाताना फाइल मजकुराच्या अक्षरांत रूपांतरित होते आणि सुमारे एक-तृतीयांशानं फुगते. म्हणजे १८ एमबीची फाइल वाटेत २४ एमबीची झालेली असते. पाठवायचा वेग कमी असेल तर तेवढ्यात प्रोग्रॅमचा धीर सुटतो. दुसरी शक्यता पाकिटाच्या मापाची. साध्या केबलवरून एका खेपेत १५०० बाइटचं पाकीट जातं. पण बऱ्याच कंपन्यांच्या जोडणीत नाव-पासवर्ड देऊन आत शिरावं लागतं. पीपीपीओई म्हणतात ती ही पद्धत. तिच्यात ८ बाइट खर्ची पडतात आणि उरतात १४९२. राउटरमध्ये हे माप चुकीचं भरलेलं असेल आणि ‘पाकीट मोठं आहे’ हा निरोप वाटेतच कुणी गिळला, तर लहान पत्रं सटकतात आणि मोठी लटकतात. राउटरच्या पानावर ‘एमटीयू’ नावाचा रकाना असतो, तिथं १४९२ आहे ना ते बघावं.

चहा घेऊन परत आलं की मेल येत नाही, कळ दाबली की भसाभस येतात, हाही एक नेहमीचा प्रकार. आयमॅप पद्धतीत प्रोग्रॅम सर्व्हरशी एक तार जोडून स्वस्थ बसतो; नवं पत्र आलं की सर्व्हर त्याला हटकतो. ही १९९७ सालची सोय. तिचा नियम असा, की प्रोग्रॅमनं निदान २९ मिनिटांनी एकदा तरी हालचाल करावी. पण काही घरगुती राउटर एवढी शांतता सहन करत नाहीत. काही मिनिटं बोलणं झालं नाही की ते ही जोडणी आपल्या तक्त्यातून पुसून टाकतात, आणि दोन्ही टोकांना ते कळवतही नाहीत. प्रोग्रॅममध्ये दर पाच मिनिटांनी मेल बघण्याचं सेटिंग केलं की बहुतेक वेळा निभावतं. मोबाइल, टॅब्लेट, दोन-तीन संगणक असा सगळा पसारा एकाच खात्यावर असेल तर आणखी एक मर्यादा लक्षात ठेवावी: जीमेलच्या एका खात्याला एका वेळी १५ आयमॅप जोडण्याच मिळतात, आणि एकेक प्रोग्रॅम त्यातल्या चार-पाच सहज अडवून बसतो.

आमच्या सोसायटीतल्या एका जुन्या शिक्षकांचा संगणक मात्र मजेदार होता. मेन स्विच बंद करून ते गावी जायचे, परत आले की मेल म्हणायचं, सर्व्हरचं प्रमाणपत्र ग्राह्य नाही. आत बटणाएवढा एक सेल असतो, तीन व्होल्टचा. वीज नसताना घड्याळ तो चालवतो. तो संपला होता. संगणक उठायचा तो कितीतरी वर्षं मागच्या तारखेला, आणि आजच्या सर्व्हरचं प्रमाणपत्र त्याला अजून जन्मालाच न आलेलं वाटायचं. असा इशारा आला की ‘तरीही चालेल’ ही कळ चुकूनही दाबू नये. तो खरोखरच्या फसवणुकीचाही असू शकतो. आधी संगणकाच्या कोपऱ्यातली तारीख बघावी.

राउटरचा अॅडॉप्टर जुना झाला की तोही असाच छळतो. विजेचा दाब जरा हलला की राउटर क्षणभर मरून पुन्हा उठतो. दिवे बघत दहा मिनिटं समोर बसलं की कळतं.

ते पुस्तक छापून आलं. पत्नीनं विकत आणून पहिल्या दोन फॉर्मांत १४ चुका काढल्या, यादी केली आणि प्रकाशकांना मेलनं पाठवली. मग स्वतः ‘सेंट’ उघडून बघितलं. चौथ्या दिवशी नव्या पुस्तकाची प्रुफं आली.

जुना राउटर अजून मागच्या खोलीतच आहे. त्याच्या पाठीवर तिनं कागदाची पट्टी चिकटवली आहे, सुवाच्य अक्षरात: ‘याने पत्ते वाटू नयेत.’